प्रत, पाठ आणि रेकॉर्डर

दूरचित्रवाणीचा रेकॉर्डर कोणता घ्यावा, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकाने लेखाला घ्यावा असा नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. तो दुकानदाराचा, फार तर घरातल्या जाणत्या मुलांचा प्रश्न. पण आमच्या घरात या खरेदीवरून जो ऊहापोह झाला, त्यात प्रत, पाठ, संहिता, त्रुटित भाग, लिपीची किल्ली हे शब्द मला सारखे आठवत राहिले. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा शिकवताना जे मुद्दे मी फळ्यावर मांडते, ते सगळे स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोनाड्यात, एका काळ्या पेटीत हजर होते. म्हणून हे टिपण.

आमचे मूळ गाव गुंजवणे. जुन्या वेल्हे तालुक्यातले, राजगडाच्या पायथ्याचे. गावातून चोर दरवाजाची वाट धरली की दोन-तीन तासांत पद्मावती माचीवर पोचता येते. हवा स्वच्छ असेल तर माचीवरून सिंहगड ओळखायला कुणाला विचारावे लागत नाही. त्याच्या माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोराच तो दाखवून देतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले. त्या गडावरून निघालेले चित्र या गडाच्या पायथ्याशी आमच्या घरात यायला मात्र बरीच वर्षे लागली. नव्वदच्या दशकात शहरांतून केबलच्या तारा गच्च्यांवरून धावू लागल्या, तेव्हाही आमच्या घरापर्यंत ती तार आली नाही. आली ती एकदम छत्री. तिचे तोंड दक्षिणेला, म्हणजे साधारण गडाच्याच अंगाला. उपग्रह आकाशात बराच उंच असल्याने गडाची आडकाठी होत नाही. होते ती पावसाची. आषाढात ढग उतरले की पडद्यावर चौकोन फुटतात आणि मग नुसती सूचना उरते.

रेकॉर्डरची गरज निर्माण झाली ती माझ्या थोरल्या काकीमुळे. चुलतभाऊ शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांच्या जेवणाची सोय करतो. पिठले, भाकरी, ठेचा, भात. पुण्या-मुंबईची मंडळी रात्री आठ-नऊच्या सुमाराला येऊन उतरणार आणि नेमकी तीच काकीच्या मालिकेची वेळ. मालिका सोमवार ते शनिवार, तेव्हा आठवड्याचा शेवटचा आणि म्हणून सर्वांत महत्त्वाचा भाग चुलीपुढे जायचा. इतर दिवशी भारनियमन होतेच. अखेर २०१२ साली भावाने एचडी रेकॉर्डर असलेला सेट-टॉप बॉक्स घेतला. एचडी घेण्याचे कारण क्रिकेट. मराठी मनोरंजन वाहिन्या एचडी स्वरूपात आल्या त्या पुढे २०१६ मध्ये. पाहुण्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरवर ही पेटीही जोडली गेली, कारण वीज नसेल तर रेकॉर्डरही आंधळाच.

त्या पेटीने काकीचा आठवडा बदलला हे मी स्वतः पाहिले आहे. रेमंड विल्यम्स यांनी १९७४ च्या ‘टेलिव्हिजन: टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ या पुस्तकात ‘प्रवाह’ ही कल्पना मांडली. दूरचित्रवाणी आपल्याला सुटे कार्यक्रम देत नाही. कार्यक्रम, जाहिरात, पुढच्याची झलक अशा अखंड ओघात ती आपल्याला धरून ठेवते, असा तिचा आशय. वर्गात ही कल्पना समजावताना मला नेहमी कष्ट पडतात. काकीने ती एका वाक्यात उलटवली. सोमवारी सकाळी भांडी आवरून ती बसली, शनिवारचा भाग लावला, मध्येच थांबवून दळण घेऊन आली आणि म्हणाली, “आता गोष्ट माझ्यासाठी थांबती.”

हे वाटते तितके नवे नाही. हरिनाम सप्ताहातले कीर्तन गावाची जेवणे उरकल्यावरच रंगते. आजीची कहाणी नातवंड झोपले तर अर्धी राहते आणि उद्या तिथूनच पुढे सुरू होते. गोष्टीने ऐकणाऱ्याची वाट पाहावी, ही मौखिक परंपरेतली साधी रीत. प्रक्षेपणाने ती मोडली आणि घरातल्या रेकॉर्डरने थोडीशी परत आणली. जगात याविषयी मोठा वादही झाला. अमेरिकेत चित्रपटनिर्मात्यांनी सोनीच्या बीटामॅक्स यंत्राविरुद्ध लढवलेल्या खटल्यात १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला, की कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहता यावा म्हणून घरी त्याचे मुद्रण करणे गैर नाही. काकीची सोमवार सकाळ ज्या तत्त्वावर उभी आहे, ते न्यायालयात इतक्या थोडक्या मतफरकाने तरले होते.

पण वेळ पुढे ढकलणे वेगळे आणि जपणे वेगळे. बॉक्सच्या जाहिरातीत ‘५०० जीबी’ असा मोठा आकडा असतो. त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एचडी चित्राचा एक तास ढोबळमानाने तीन-चार जीबी जागा घेतो. अर्ध्या तासाची मालिका आठवड्याला सहा दिवस म्हणजे तीन तास. तीनच्या दराने नऊ जीबी. वर्षाचे बावन्न आठवडे धरले तर ४६८ जीबी. म्हणजे एका मालिकेच्या एका वर्षात पेटी भरली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे भाग तीन हजारांच्या वर गेले. तिला एचडीत साठवायचे म्हटले असते तर अशा नऊ-दहा पेट्या लागल्या असत्या. तेव्हा रेकॉर्डर हे मुख्यतः पुसण्याचे यंत्र आहे. जागा संपत आली की तो सर्वांत जुने आधी पुसतो. जे पुसू नये असे वाटते, त्यावर ‘जपून ठेवा’ अशी खूण करावी लागते.

आमच्या पेटीत अशी खूण एकाच गोष्टीवर होती. २०१३ साली एका वृत्तवाहिनीची मंडळी राजगडावर काही चित्रण करायला आली होती. वाटेत त्यांना आमचे अण्णा, म्हणजे थोरले काका, भेटले. तरुणपणी त्यांनी गडावर पुष्कळ ओझी वाहिलेली. त्यांच्यापुढे ध्वनिक्षेपक धरला गेला आणि ते बोलले. बातमीत ते जेमतेम चाळीस सेकंद दिसले. वाहिनी एचडी नव्हती; चित्र अंधूक, मागे वारा. यंत्राच्या भाषेत दहा-बारा एमबीचा ऐवज. पाचशे जीबीच्या पेटीत धान्याच्या कणगीत एक दाणा असावा तसा.

अण्णा २०१६ साली गेले. त्यानंतर काकी तो तुकडा लावायची. रोज नव्हे, तिथीला, कधी पाहुणे आले तर, कधी दुपारी एकटी असताना. पडद्यावर ‘जपून ठेवले आहे’ अशी खूण असल्याने तो मोबाइलने टिपून ठेवावा अशी गरज घरात कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते. २०१८ च्या पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि पेटी बंद पडली. तक्रार नोंदवल्यावर कंपनीचा माणूस आला, नवी पेटी लावली आणि जुनी घेऊन गेला. पेटी भाड्याची, म्हणजे मालकी कंपनीची. तेव्हा त्याच्या बाजूने यात काहीच वावगे नव्हते. आतले मुद्रण काढून देता येईल का, या प्रश्नावर उत्तर आले की ते सांकेतिक रूपात साठवलेले असते आणि फक्त त्याच पेटीत उघडते. तबकडी दुसरीकडे जोडली तरी तिच्यातून काही वाचता येत नाही. वाहिनीकडेही चौकशी केली. पाच वर्षांपूर्वीच्या एका बातमीतले चाळीस सेकंद त्यांच्याकडून मिळाले नाहीत.

यानंतर जे घडले त्याने मला अभ्यासक म्हणून थांबायला लावले. तुकडा गेल्यावर त्यात अण्णा काय म्हणाले, याचे पाठ तयार होऊ लागले. काकीच्या मते ते म्हणाले होते, “गड चढताना वाटेत बसू नये, बसलं की गड जड होतो.” भावाला आठवते ते असे, की ओझे घेऊन चढताना मागे पाहू नये. माझ्या आठवणीत त्यांनी तिन्ही माच्यांची नावे घेतली आणि ते नुसते हसले. भावाची मुलगी ठामपणे सांगते, की आजोबा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गडावर टाकू नका, एवढेच म्हणाले. एकाच घरात, दोन वर्षांच्या आत, चार पाठ!

महानुभाव वाङ्मय शिकलेल्याला इथे ‘लीळाचरित्र’ आठवल्याशिवाय राहणार नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. हिराइसापाठ, पिढीपाठ ही नावे त्यातूनच आली. पाठचिकित्सेचा एक जुना नियम असा, की दोन पाठांपैकी जो अधिक अनपेक्षित, कमी गुळगुळीत, तो मूळाच्या अधिक जवळचा मानावा. कारण सांगणारा नकळत वाक्य घासूनपुसून सुंदर करत जातो. या नियमाने निवाडा केला तर नातीचा रिकाम्या बाटल्यांचा पाठ ग्राह्य ठरेल आणि काकीचा म्हणीसारखा पाठ उत्तरकालीन. मी हा निवाडा घरात सांगितलेला नाही. टिकणार आहे तो काकीचाच पाठ, हे मला दिसते आहे. भाऊ आता पाहुण्यांना चढण सुरू होताना तेच वाक्य ऐकवतो.

महानुभावांची आठवण आणखी एका कारणाने आली. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली आणि मराठीच्या आद्य गद्याचे दालन अभ्यासकांना खुले झाले. सेट-टॉप बॉक्सही असाच सांकेतिक लिपीत लिहितो. पण एक मोठा फरक आहे. सकळ लिपीची किल्ली ज्यांनी पोथी जपली त्यांच्याच हाती होती; पंथात जो आला त्याला ती मिळे, तो वाची आणि नवी प्रत करी. आमच्या पेटीत जपणारी काकी होती आणि किल्ली तिच्याकडे कधीच नव्हती. एचडीच्या बाबतीत हे अधिकच खरे. पेटीतून पडद्याकडे जाणाऱ्या एचडीएमआय तारेतसुद्धा चित्र संकेतबद्ध होऊन जाते, जेणेकरून मध्ये दुसरे यंत्र लावून त्याची प्रत काढता येऊ नये. जुन्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या तारेने निदान अंधूक प्रत निघत असे. चित्र स्वच्छ होत गेले तसे कुलूप घट्ट होत गेले.

राजगडाच्या पायथ्याशी बसून हा विचार करताना सभासदांची बखरही डोळ्यांपुढे येते. राजगडावर जन्मलेल्या राजारामांच्या आज्ञेने ती दूर जिंजीला लिहिली गेली. आज ती आपल्या अभ्यासक्रमात आहे ती कुणी एका पेटीत ती कडेकोट ठेवली म्हणून नव्हे. लोकांनी तिच्या नकला करून घेतल्या म्हणून. नक्कल करताना चुका झाल्या, ओळी गळल्या, भर पडली. संपादकांना त्यामुळे काम मिळाले आणि ग्रंथ जगला. साठवण म्हणजे जतन नव्हे. नक्कल करण्याची मुभा म्हणजे जतन, असे मला आता वाटते.

दूरचित्रवाणीचा स्वतःचा इतिहास याला पुरावा देतो. पूर्वी टेप महाग असे, म्हणून जुन्या कार्यक्रमावरच नवा मुद्रित करायचा, ही चाल आपल्या दूरदर्शनमध्ये होती तशी ब्रिटनच्या बीबीसीतही होती. १९६० च्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे कितीतरी भाग बीबीसीने असे पुसले. त्यांतले काही पुढे सापडले ते परदेशी केंद्रांना पाठवलेल्या प्रतींमुळे. आणि जे चित्ररूपात सापडले नाहीत त्यांचा आवाज आज ऐकता येतो, तो घरोघरी टेपरेकॉर्डर दूरचित्रवाणीपुढे धरून बसलेल्या काही प्रेक्षकांमुळे. संस्थेने पुसलेले प्रेक्षकाने राखले. त्या प्रेक्षकांच्या यंत्राला कुलूप नव्हते, एवढीच त्यामागची भौतिक अट.

२०१९ साली नवी दररचना लागू झाली, प्रत्येकाला वाहिन्या पुन्हा निवडाव्या लागल्या आणि त्यानिमित्ताने पेटीचा विषय घरात पुन्हा निघाला. या वेळी काकी आमच्याबरोबर दुकानात आली. दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. पहिला, आत मोठी तबकडी असलेला एचडी रेकॉर्डर. दुसरा, त्याहून स्वस्त एचडी बॉक्स. मागे यूएसबीचे भोक, त्यात आपला पेनड्राइव्ह किंवा तबकडी लावली की मुद्रण होते. तिसरा, दूरदर्शनच्या मोफत सेवेवर चालणारा साधा बॉक्स. एचडी नाही, वाहिन्या मोजक्या, मासिक शुल्क नाही. दुकानदार पहिल्या दोहोंची तुलना करू लागला: किती तास मावतात, एक पाहताना दुसरे मुद्रित होते का, फोनवरून आज्ञा देता येते का. काकीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “ह्यातलं काढून दुसरीकडं ठेवता येतं का?”

पहिल्यात येत नाही, हे आम्हाला ठाऊकच होते. दुसऱ्यात पेनड्राइव्ह आपला, पण त्यावरचे मुद्रण त्याच बॉक्समध्ये उघडणार. कागद आपला, लिपी त्यांची. काकी म्हणाली, “मग ते आपलं कसं?” तिसऱ्या बॉक्सवर मात्र उघड्या स्वरूपात मुद्रण होत होते, पेनड्राइव्ह काढून संगणकात लावला की फाइल सरळ चालत होती.

इथे कायद्याची बाजूही सांगायला हवी, कारण आपण शिक्षक आहोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपणाचे मुद्रण केल्यास प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे कायद्याने दार थोडे उघडे ठेवले आहे. आपण विकत आणलेले यंत्र ते लावून घेते.

निवड अखेर अशी झाली. मालिका आणि क्रिकेट यांसाठी रेकॉर्डर नसलेला साधा एचडी बॉक्स. चुकलेला भाग पुतणी फोनवर दाखवते, नेटवर्क मिळाले तर. आणि दुसऱ्या छोट्या छत्रीवर तो मोफत सेवेचा बॉक्स, पेनड्राइव्हसह. दुकानदाराला हा व्यवहार चमत्कारिक वाटला. एचडी घेऊन त्याचे मुद्रण नाही आणि मुद्रण करायचे ते अंधूक चित्राचे! काकीची सोमवार सकाळ यात गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. गोष्ट आता तिच्यासाठी पूर्वीसारखी थांबत नाही. सोय आणि जतन ही दोन्ही एका यंत्रात मिळत नसतील तर त्यांतले एक सोडावे लागते, आणि तिने सोय सोडली.

त्या बॉक्सवर फारसे काही साठलेले नाही. सह्याद्री वाहिनीवरची काही कीर्तने, दोन-तीन जुनी नाटके; त्यातही पावसाळ्यातली मुद्रणे जागोजागी त्रुटित, कसर लागलेल्या पोथीसारखी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात राजगड आणि जिंजी दोन्ही होते. त्या दिवसांतले एक बातमीपत्र काकीने आठवणीने मुद्रित करायला लावले. चित्रात आपला गड ओळखू येतो, एवढेच. पण त्याच्या चार प्रती आज चार ठिकाणी आहेत आणि त्यांतली एक माझ्याकडे आहे.

आपल्या विषयापुरता एक मुद्दा मांडून थांबते. मराठी मालिकांवर गंभीर समीक्षा होत नाही, अशी तक्रार आपण चर्चासत्रांतून ऐकतो. तिचे कारण अभिरुचीत शोधले जाते. मला वाटते, मोठे कारण संहितेच्या अभावात आहे. जे पुन्हा उघडून पाहता येत नाही, ज्याचा संदर्भ देता येत नाही, ज्याची प्रत दुसऱ्या अभ्यासकापुढे ठेवता येत नाही, त्यावर आठवण लिहिता येते, समीक्षा नाही. वाहिन्यांची संकेतस्थळे आणि ॲप काही भाग दाखवतात, पण काय ठेवायचे आणि काय काढायचे हे तेच ठरवतात. वाङ्मयाचा अभ्यास असा दुसऱ्याच्या कपाटावर चालत नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरी मुद्रित केलेल्या व्हीएचएस कॅसेट असतील, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधली एखाद्या लेखकाची मुलाखत असेल, एखादी नाट्यसंध्या असेल, तर त्यांनी त्या शोधाव्यात आणि फिती चिकटण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, शक्य तर एक प्रत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अध्यापनासाठी ठेवावी. त्या कॅसेटना कुलूप नाही. चित्र अंधूक असेल, मध्ये जाहिराती असतील, शेवटचा भाग कुणीतरी लग्नाच्या चित्रणाने पुसलेला असेल. पण जे उरले असेल ते कुठल्याही यंत्रात उघडेल आणि दुसऱ्याला देता येईल.